मस्क पॉझिटिव्ह मायस्थेनिया : स्नायूतलं प्रोटीन नसेला कसं धरून ठेवतं, आणि पावडरने ते भरून निघतं का

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आईंचं वय ५४, दीड वर्षापासून संध्याकाळ झाली की आवाज नाकातून यायला लागतो, अर्धी पोळी चावली की जबडा थकतो, पाणी कधी कधी नाकातून परत येतं, मान धरवत नाही म्हणून हनुवटीला हात लावून बसतात. आधी दातांचे डॉक्टर झाले, मग घशाचे, मग कोणीतरी टेन्शनच्या गोळ्या दिल्या, शेवटी न्यूरोलॉजिस्टने मायस्थेनिया सांगितला, म्हणजे वापरलं की स्नायू लवकर थकतात तो आजार. पहिली अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली, दुसरी, मस्क नावाची, पॉझिटिव्ह आली. मस्क म्हणजे मसल स्पेसिफिक काइनेज, हे स्नायूतलं प्रोटीन आहे असं तुम्हाला नेटवर सापडलं, तेवढ्यात भावाने प्रोटीन पावडरचा मोठा डबा आणून ठेवला, आणि आता तुम्ही विचारून राहिल्या की प्रोटीन कमी पडलं म्हणून हे झालं का, पावडर द्यायची का, आणि आईला चालवायचं की झोपवून ठेवायचं.

मी नागपुरात पंचवीस वर्षांपासून हेच काम करून राहिलो, नसा आणि स्नायूंचं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो कारण हे नीट समजलं ना तर पुढची ट्रीटमेंट का अशी आहे तेही समजतं. आणि हो, आपल्याकडे नस म्हटलं की रक्ताचीही नस आणि सिग्नलचीही नस, दोन्हीला एकच शब्द चालतो, मी इथे नस म्हणेन ती सिग्नलची, नर्व्ह.

पावडरचं आधी सांगून टाकतो. पावडरने आईंचं मस्क वाढणार नाही. खाल्लेलं प्रोटीन पोटात पचून त्याचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांतून शरीर स्वतःला हवं ते प्रोटीन बनवतं. आईंच्या स्नायूंना मस्क बनवता येतं, ते बनवूनही राहिले, अडचण ही आहे की बनलेल्या मस्कवर त्यांच्याच रक्तातल्या अँटिबॉडी, एरवी ज्या जंतूंशी लढतात त्या, येऊन बसून राहिल्या. सीताबर्डीत दुकान मालाने भरलेलं आहे पण शटरला लागून कोणी गाडी उभी केली, तर आणखी माल मागवून गिऱ्हाईक आत कसं येईल, गाडीच हलवावी लागेल ना. तसं आहे हे. तुमच्या हातून, आईच्या खाण्यातून काही कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही, हे मनातून पूर्ण काढून टाका, मी बघतो की घरच्या बायका स्वतःला फार दोष देतात.

पावडरबद्दल मला वेगळीच काळजी आहे. ती पाण्यात किंवा पातळ दुधात ढवळून देतात, आणि आईंना पातळच गिळता येत नाही, ते श्वासनळीत जातं. त्याने न्यूमोनिया होतो. खाण्याचं खाली सविस्तर लिहितो.

आता मूळ गोष्ट. आपण समजतो की नस म्हणजे वायर आणि स्नायू म्हणजे मोटर, वायर एकदा जोडली की झालं, पुढे बिघाड झाला तर वायर तपासायची. मीही एमबीबीएसला असाच शिकलो होतो. प्रत्यक्षात तसं नाही, नस आणि स्नायू जिथे भेटतात तो जोड रोजच्या रोज दोघं मिळून टिकवतात, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम, माझ्या मते तरी, स्नायू करतो.

जोड कसा असतो ते बघा. पाठीच्या कण्यात पेशी असते, तिची एक लांब तार निघते, पायाच्या पंज्यापर्यंत जाणारी तर मोठ्या माणसात जवळपास मीटरभर लांब. स्नायूच्या तंतूपाशी ती टेकत नाही, मधे सुमारे ५० नॅनोमीटरची फट राहते, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. नसेच्या टोकात बारीक पिशव्या असतात, एकेका पिशवीत असेटिलकोलिन नावाच्या रसायनाचे ५ ते १० हजार रेणू. सिग्नल आला की पिशव्या फुटतात, रसायन फट ओलांडतं, आणि पलीकडे स्नायूच्या पृष्ठभागावर रिसेप्टर, म्हणजे ते रसायन झेलणारी प्रोटीन, दाटीवाटीने बसलेले असतात, एका चौरस मायक्रोमीटरमध्ये १० हजारांच्या आसपास. तेवढ्याच जागेत. त्याच तंतूवर जरा बाजूला गेलं की रिसेप्टर जवळपास नाहीतच. ही दाटीच सगळं आहे, कारण रसायन मिलिसेकंदभर टिकतं, तेवढ्यात समोर भरपूर रिसेप्टर मिळाले तरच स्नायू हलतो. निरोगी माणसात ही सोय गरजेपेक्षा बरीच जास्त ठेवलेली असते. लागोपाठ सिग्नल पाठवले की नस दर वेळी थोडं कमी रसायन सोडते, ते तुमच्या-माझ्यातही होतं, पण शिल्लक एवढी असते की फरक कळत नाही. आईंची शिल्लकच संपली आहे, म्हणून पहिले चार घास ठीक जातात आणि पाचव्या-सहाव्याला जबडा उचलत नाही. आळस नाही तो, टेन्शन तर नाहीच नाही.

मग हे रिसेप्टर नेमके तिथेच का जमतात? इथे मस्क येतं.

गर्भात बाळाचे स्नायू तयार होत असतात तेव्हा नस अजून पोचलेलीही नसते, आणि तरी स्नायूच्या मधल्या पट्ट्यात रिसेप्टर जमायला लागलेले असतात. पाहुणा यायच्या आधीच पाट मांडून ठेवावा तसं. हे मस्क आणि त्याचं जोडीदार प्रोटीन एलआरपी-४, ही दोघं करतात, दोन्ही स्नायूतली. मग नस येते, ती अ‍ॅग्रिन नावाचं प्रोटीन सोडते, अ‍ॅग्रिन एलआरपी-४ ला धरतं, एलआरपी-४ मस्कला जागं करतं, मस्कला आतून डॉक-७ साथ देतं, आणि शेवटी रॅप्सिन नावाचं प्रोटीन रिसेप्टरना खालून धरून एका जागी घट्ट बांधतं. यातलं एकही नाव पाठ करू नका, एवढंच लक्षात ठेवा की साखळीच्या मधोमध मस्क आहे. १९९६ साली मस्क नसलेले उंदीर तयार केले तेव्हा ती पिल्लं जन्मताच गेली, श्वासाचे स्नायू हलले नाहीत कारण नसेचा जोडच बनला नव्हता. डॉक-७ जपानमध्ये २००६ ला सापडलं, एलआरपी-४ चं काम २००८ ला कळलं, म्हणजे मी प्रॅक्टिसला लागल्यानंतरची ही माहिती आहे, तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या जुन्या पुस्तकात ती नसेल तर त्यांना दोष देऊ नका.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०१२ च्या आसपास असं दिसलं की एलआरपी-४ फक्त नसेचं ऐकत नाही, ते उलट नसेलाही सांगतं, की इथे थांब, इथेच टोक तयार कर. म्हणजे स्नायू नसेला बोलावतो, बसवतो आणि बसवून ठेवतो. स्नायूतून आणखीही प्रोटीन जातात, जीडीएनएफसारखी, जी नसेला पोसतात. स्नायू आणि नसेच्या मधल्या फटीत जे पातळ अस्तर असतं त्यातलं लॅमिनिनही मुख्यतः स्नायूचंच, आणि त्याचा जो खास प्रकार जोडापाशी असतो त्यामुळे नसेचं टोक नीट घडतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्या विदर्भातलंच उदाहरण देतो.

पावसाळ्यात भिवापूरकडचा एक शेतमजूर पहाटे आणला होता, वय तिशीचं, जमिनीवर झोपला होता, रात्री काहीतरी चावल्यासारखं वाटलं, सूज नाही, दुखणं नाही, म्हणून परत झोपला. पहाटे पोट दुखलं, पापण्या मिटायला लागल्या, आणला तेव्हा बोलता येत नव्हतं. मण्यार. नागाचं विष मुख्यतः स्नायूकडच्या रिसेप्टरवर बसतं, तिथे निओस्टिग्मिनचं, म्हणजे फटीत असेटिलकोलिन जास्त वेळ टिकवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन बऱ्याचदा पटकन उपयोगी पडतं. मण्यारीच्या विषातला एक भाग मात्र नसेचं टोकच उद्ध्वस्त करतो, पिशव्या संपतात, टोक गळून जातं, तिथे निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग नसतो आणि अँटिव्हेनमनेही एकदा गेलेलं टोक परत येत नाही. करायचं काय, तर श्वास चालू ठेवायचा, व्हेंटिलेटरवर, आणि वाट बघायची. त्याची बायको रोज विचारायची, डॉक्टर, काहून डोळे उघडून नाही राहिले जी. आणि मी रोज सांगायचो की नस परत वाढून राहिली, थांबा. अकराव्या दिवशी त्याने पापणी उचलली. पुढे चालत घरी गेला.

एवढ्या लवकर कसं झालं हे? कारण स्नायूची बाजू शाबूत होती. पाट जागेवर होता. नसेचं तुटलेलं टोक नव्याने वाढतं तेव्हा ते नवी जागा शोधत हिंडत नाही, जुन्या जागीच येऊन बसतं. १९७८ मध्ये बेडकांवर एक सुंदर प्रयोग झाला होता, नस आणि स्नायू दोन्ही नष्ट केले, फक्त तंतूभोवतीचं रिकामं अस्तर ठेवलं, तरी परत वाढलेली नस बरोबर जुन्याच ठिकाणी आली. पुढच्याच वर्षी दुसरी बाजू दिसली, की नस नसतानाही नव्या स्नायूने रिसेप्टर त्याच जुन्या जागी जमवले. अस्तरात खूण राहिली होती. ती खूण शोधता शोधताच अ‍ॅग्रिन सापडलं, टॉरपीडो नावाच्या विजेच्या माशातून, अमेरिकेत मॅकमहान यांच्या लॅबमध्ये.

हे मी आईंच्या संदर्भात मुद्दाम सांगून राहिलो. त्यांच्यात नस मेलेली नाही, स्नायूही मेलेला नाही. धरून ठेवणारा हात अँटिबॉडीने अडवला आहे. हात मोकळा केला की स्नायू पुन्हा रिसेप्टर जमवतो, कारण ते काम त्याला येतं आणि तो ते एरवीही सतत करतच असतो. निरोगी जोडात एक रिसेप्टर साधारण दहा दिवस टिकतो, मग जुना जातो आणि नवा येऊन त्याच जागी बसतो. म्हणजे आज तुमच्या पापणीत जे रिसेप्टर आहेत ते बहुतेक पुढच्या महिन्यात नसतील, दुसरे असतील. वस्तू बदलत राहतात, जागा टिकते, आणि ती जागा टिकवण्याचं काम मस्ककडे आहे. म्हणून मस्क अडवलं की जोड एका दिवसात मोडत नाही, हळूहळू विस्कटतो, आणि ट्रीटमेंट सुरू केल्यावर सुधारणाही हळूच येते, आठवड्यांनी, महिन्यांनी. चौथ्या दिवशी फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका.

आता तुमच्या आईंचा मायस्थेनिया नेहमीच्यापेक्षा वेगळा कसा ते. अंगभर पसरलेल्या मायस्थेनियात साधारण ८५ टक्के लोकांमध्ये अँटिबॉडी थेट असेटिलकोलिन रिसेप्टरवर असतात. आईंची पहिली टेस्ट तीच होती, निगेटिव्ह आली. निगेटिव्ह आलेल्यांपैकी काहींमध्ये मस्कच्या अँटिबॉडी असतात, हे २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या अँजेला व्हिन्सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याआधी अशा पेशंटना नुसतं सीरोनिगेटिव्ह, म्हणजे रक्तात अँटिबॉडी न सापडलेले, म्हणायचो आणि आमच्याही हातात फार काही नसायचं. मस्कवाला प्रकार बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि त्याला चेहरा, जीभ, घसा, मान आणि श्वास हे भाग पकडायची खोड आहे, हातपाय बऱ्यापैकी चालतात. म्हणूनच दातांचे डॉक्टर, घशाचे डॉक्टर, मग टेन्शन, असा प्रवास होतो. हातात ताकद आहे, रिपोर्ट नॉर्मल आहेत, बाई रडून राहिली, मग मानसिक असेल, असं धरून चालतात. मला याचा खरंच राग येतो. संध्याकाळी वाढणारा नाकातला आवाज हे मनाचं लक्षण नाही, ते जोडाचं लक्षण आहे, कोणीही सकाळी आणि संध्याकाळी दोनदा बोलायला लावून ऐकलं तरी कळतं.

नसेला करंट देऊन करतात ती टेस्ट, जिच्यात सेकंदाला ३ या वेगाने झटके देतात आणि प्रतिसाद १० टक्क्यांहून जास्त घसरतो का ते बघतात, ती या प्रकारात हातावर केली तर नॉर्मल येऊ शकते. चेहऱ्यावर करावी लागते. आईंची आधीची टेस्ट हातावरच झाली असेल तर ती नॉर्मल येण्यात काही नवल नाही.

औषधांकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की पायरिडोस्टिग्मिन सुरू केल्यावर पोटात कळा, तोंडाला लाळ आणि पापणी फडफडणं वाढलं, आणि ताकद काही वाढली नाही. या प्रकारात हे होतं. ती गोळी असेटिलकोलिन तोडणारं एन्झाइम थोपवते म्हणजे रसायन फटीत जास्त वेळ राहतं, नेहमीच्या मायस्थेनियात त्याने छान आराम पडतो. पण ते एन्झाइम जोडापाशी बांधून ठेवण्यातही मस्कचा हात असतो, म्हणजे आईंच्यात ते आधीच कमी असण्याची शक्यता, त्यात गोळीने आणखी थोपवलं. आणि अ‍ॅग्रिन-मस्कची पकड ढिली असताना जास्त वेळ राहिलेलं असेटिलकोलिन रिसेप्टरचा जमाव उलट पांगवतं, असं उंदरांवर दिसलं आहे. म्हणून मस्कवाल्या पेशंटमध्ये या गोळीचा डोस आम्ही जपून ठेवतो, कधी बंदही करतो. पण तुम्ही घरी स्वतःहून बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांना कळा आणि फडफड या दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगा, ते ठरवतील.

मुख्य ट्रीटमेंट अँटिबॉडीवरची. स्टिरॉइड चांगलं काम करतं, मात्र सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत काहींना आधी जास्त अशक्तपणा येतो, त्यामुळे गिळण्याचा त्रास असलेल्या पेशंटला आम्ही हळू चढवतो किंवा अ‍ॅडमिट करून चढवतो. फारच बिघडलं तर प्लाझ्मा एक्स्चेंज, ज्यात रक्तातला अँटिबॉडीवाला द्रव काढून टाकतात, ते मस्कमध्ये बऱ्यापैकी लवकर परिणाम दाखवतं. आणि रिटुक्सिमॅब, हे इंजेक्शन या प्रकारात खास चालतं, माझ्या काही पेशंटना त्यानंतर बराच काळ काही लागलं नाही. कारण असं की मस्कच्या अँटिबॉडी बहुतेक आयजीजी-४ जातीच्या असतात, त्या जाळपोळ करत नाहीत, फक्त मस्क आणि एलआरपी-४ च्या मधे बसून दोघांची गाठ पडू देत नाहीत, आणि ज्या पेशी त्या बनवतात त्या रिटुक्सिमॅबने कमी होतात. इंजेक्शनच्या आधी हिपॅटायटिस-बी ची तपासणी झालीच पाहिजे, टीबीचं विचारलं पाहिजे, लसी कोणत्या घ्यायच्या ते आधी ठरलं पाहिजे. कोणी तुम्हाला थायमस ग्रंथी काढायच्या ऑपरेशनचं सुचवलं तर विचारा की मस्क पॉझिटिव्हमध्ये कशाला, कारण त्या ऑपरेशनचा फायदा रिसेप्टरवाल्या प्रकारात आहे, मस्कमध्ये तसा दिसलेला नाही.

एक चिठ्ठी करून पर्समध्ये ठेवा, कोणत्याही डॉक्टरला, दातांच्या सुद्धा, आधी ती दाखवायची. जेंटामायसिन आणि त्या जातीची अँटिबायोटिक, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि तिच्या बहिणी, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, बीटा ब्लॉकर म्हणजे बीपी-हृदयाच्या काही गोळ्या, यांनी मायस्थेनिया एकदम वाढू शकतो. साध्या तापाला दिलेल्या गोळीने पेशंट व्हेंटिलेटरवर गेलेला मी पाहिला आहे, देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना सगळ्यात आधी सांगायचं.

खाण्याचं. ५५ किलोच्या बाईला आयसीएमआरच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम म्हणजे दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रोटीन लागतं, स्टिरॉइडने स्नायू झिजतात म्हणून किडनी ठीक असेल तर थोडं जास्त घेतलं तर बरं, हे डॉक्टरांना विचारून. ते घरच्या जेवणातून होतं. घट्ट वरण मऊ भातात कालवून, मुगाची मऊ खिचडी, दही, मऊ शिजवलेलं अंडं, पनीर कुस्करून. पोळी दुधात नाही, वरणात भिजवून, चांगली मऊ होऊ द्यायची. आणि तर्री-पोहे सध्या नाही, हे मी नागपूरकर म्हणून जड मनाने सांगतो. कोरडे पोहे आणि वरून पातळ तर्री, असं दोन तऱ्हेचं मिश्रण गिळायला सगळ्यात कठीण, पातळ आधी सरकून श्वासनळीत जातं आणि दाणे मागे राहतात. चिवडा, फरसाण, झुणका-भाकर कोरडी, तेही नको. पाणी एका वेळी लहान घोट, हनुवटी छातीकडे किंचित झुकवून, आणि जेवण औषधाचा असर असेल त्या वेळी, संध्याकाळी उशिरा मोठं जेवण ठेवू नका. जेवताना बोलायला लावू नका, आपल्याकडे जेवतानाच सगळ्या गप्पा होतात, ते माहीत आहे मला.

मे महिना जपायचा. उष्णतेने हा जोड आणखी थकतो, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दुपारी ११ ते ५ बाहेर काढू नका, कूलर लावा, गरम पाण्याने आंघोळ नको.

चालवायचं की झोपवायचं, तर चालवायचं, पण गिळणं आणि श्वास स्थिर झाल्यावर. घरात बरेच जण सांगतील की नसांचा आजार आहे, पूर्ण आराम. पूर्ण आरामाने स्नायू बारीक होतो, आणि मी वर जे लिहिलं त्याचा हिशोब लावा, नसेला सांभाळणारी प्रोटीन स्नायूतून येतात, मग तोच आटवला तर सांभाळणार कोण. म्हाताऱ्या उंदरांना व्यायाम करायला लावला तेव्हा त्यांचे विस्कटलेले जोड काही अंशी सुधारलेले दिसले होते, माणसाला ते जसंच्या तसं लावता येत नाही पण स्थिर मायस्थेनियात हलका व्यायाम सुरक्षित आहे एवढं नक्की सांगतो. आईंना सकाळी लवकर, गल्लीतच, दहा मिनिटं, दम लागायच्या आत परत. अंबाझरीला नेऊन पूर्ण चक्कर मारायला लावायची नाही. आज दहा मिनिटांनी संध्याकाळचा आवाज जास्त बिघडला तर उद्या सात मिनिटं. आणि मानेचे, जबड्याचे व्यायाम व्हिडिओ बघून करू नका, थकलेल्या स्नायूला ते आणखी थकवतात.

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं. आईंच्या या प्रकारात श्वास कधी कधी गुपचूप कमी होतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, तो आकडा फार उशिरा पडतो, ९७ दिसत असताना माणूस आतून दमत चाललेला असतो. त्यापेक्षा रोज सकाळी आणि रात्री बसवून एक खोल श्वास घ्यायला सांगा आणि एका दमात, नेहमीच्या वेगाने, एक दोन तीन मोजायला लावा, जिथे थांबतील तो आकडा वहीत लिहा, तारखेसकट. प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो, म्हणून त्यांचा रोजचा आकडा माहीत असणं महत्त्वाचं. रोज ३२ येत होता आणि आज २२ आला तर फोन करा. २० च्या खाली गेला, किंवा उताणं झोपलं की घाबरं होत असेल, किंवा स्वतःची लाळ गिळता येत नसेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघू नका, आयसीयू असलेल्या ठिकाणी न्या आणि दारातच सांगा, मस्क पॉझिटिव्ह मायस्थेनिया आहे. वहीचं पहिलं पान आज रात्रीच सुरू करा, आणि पुढच्या व्हिजिटला ती वही सोबत न्या, माझ्यासारख्या डॉक्टरला दहा रिपोर्टपेक्षा त्या दोन ओळींतून जास्त कळतं.